झीरो बीटचे दिवस

१९८०च्या दशकात पुण्यात ज्याला स्थिर ऑसिलेटर बांधायला शिकायचं असे, त्याची सुरुवात तपकीर गल्लीत होई. क्रिस्टल, बीसी१४७ ट्रान्झिस्टर, पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर तिथे मिळून जात. खरी अडचण पुढे होती: बांधलेलं मोजायचं कशाशी? १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर एक हर्ट्झने सरकला, तर ती चूक एक कोटीत एक. आमच्या हाती पडणाऱ्या काउंटरचा स्वतःचा क्रिस्टलच त्याहून जास्त सरकत असे.

म्हणून कान दिल्लीकडे लावायचा. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं ‘एटीए’ हे केंद्र १० मेगाहर्ट्झवर प्रमाणवेळ प्रसारित करायचं. शॉर्टवेव्ह रिसिव्हरवर ते लावायचं, शेजारी आपला ऑसिलेटर चालू ठेवायचा आणि दोघांच्या फरकाची शिटी ऐकत ट्रिमर फिरवायचा. शिटी खाली उतरत नाहीशी होई, हाच झीरो बीट; मग आवाज नुसता लहान-मोठा होत राही. दहा सेकंदांत असा एक हेलकावा, म्हणजे फरक दहा कोटींत एक. पण आयनोस्फिअर वरखाली झालं की दिल्लीहून आलेली लहरच डॉप्लरमुळे जराशी सरकते. त्यामुळे पहाट-संध्याकाळ टाळायची, भर दुपारी ऐकायचं, आणि उद्या त्याच वेळी पुन्हा.

क्रिस्टलला एकाच तापमानावर राखणाऱ्या ओव्हनचं काम मला सर्वांत प्रिय. पितळेचा ठोकळा, त्याला आवळून बसवलेला २एन३०५५ हाच हीटर, थर्मिस्टरचा ब्रिज, ७४१ आणि भोवती थर्मोकोल. मग एटी-कट क्रिस्टलचा टर्नओव्हर शोधायचा. तापमान थोडंथोडं वाढवलं की फ्रिक्वेन्सी उतरत जाते, एका जागी थबकते आणि पुन्हा चढू लागते. त्या तळाशी ओव्हन स्थिरावला, की तापमानातल्या बारीकसारीक हालचालीचा क्रिस्टलवर जवळजवळ परिणाम होत नाही. आलेखावरचा एकेक बिंदू मिळवायला ठोकळा आतपर्यंत सारखा तापेपर्यंत थांबावं लागे. “डबा उघडू नकोस, उद्या बघू,” हे आमच्या सरांचं वाक्य अजून कानात आहे. वीज गेली की क्रिस्टल थंड होई, आणि पुन्हा तापवला तरी नेमका जुन्या जागी येत नसे. ओव्हनला बॅटरी जोडायची ती त्यासाठी.

आज हे शिकणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. जीपीएसचे उपग्रह अणुघड्याळं घेऊन डोक्यावरून फिरताहेत. खिडकीत अँटेना ठेवली की वीसेक मिनिटांत हजार कोटींत एक इतका फरक दिसू लागतो, आणि नोंदी संगणक रात्रभर घेत राहतो. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत आता विद्यार्थ्यांच्या हातात आहे: एका सेकंदातली थरथर वेगळी, दिवसभरातलं सरकणं वेगळं. दोष ओव्हनचा की क्रिस्टलच्या वयाचा, हे आम्ही कानाने कधीच वेगळं करू शकलो नाही. क्रिस्टल मात्र तेवढाच संथ राहिला आहे. त्याच्या पृष्ठावरचे अणू-रेणू सुटायला, बसवणुकीतला ताण निवळायला आजही आठवडे लागतात.

मोबाइल टॉवरमधून निवृत्त झालेले, एससी-कट क्रिस्टल ओव्हनसकट बसवलेले बंद डबे हल्ली सहज मिळतात, आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मला ते पटत नाही. डबा उत्तम चालतो, पण त्यातला टर्नओव्हर दुसऱ्याच कुणीतरी शोधलेला असतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी आधी पितळेचा ठोकळा देतो. गेल्या पावसाळ्यात एकीने रात्रभराच्या नोंदीत दर काही मिनिटांनी येणारा उंचवटा पकडला आणि तो खोलीतल्या एसीच्या चालू-बंद होण्याशी जुळवून दाखवला. आता ती पहिल्या ओव्हनभोवती दुसरा ओव्हन बांधते आहे.