पहिले घड्याळ

आमच्या पिढीने काळ आधी कानांनी ओळखला, डोळ्यांनी नंतर. पहाटे, दुपारी व सायंकाळी देवळाची घंटा वाजे आणि तिच्या नादावर वाडीतली कामे थांबत, चुली पेटत. इंग्रजीतील ‘क्लॉक’ हा शब्दही घंटा या अर्थाच्या ‘क्लॉका’ ह्या लॅटिन शब्दावरूनच आला आहे. मनगटी घड्याळ ही तेव्हा लग्नात जावयाला द्यावयाची वस्तू. १९६१ साली एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळे घडविण्यास प्रारंभ केला आणि हळूहळू ती शिक्षक-कारकुनांच्या मनगटावर आली. १९८७ पासून टायटनची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली. २०१६ साली केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला व एक पर्व संपले. आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल वेळ दाखवितो. मग चांगले घड्याळ घ्यावेच कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने दिले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले. आईने भाजीच्या टोपल्या वाहून तिला परिचारिकेचे शिक्षण दिले. मुलगी रुग्णालयात रुजू झाली. वॉर्डात मोबाइल जवळ बाळगण्यास मनाई होती, मनगटी घड्याळास मात्र मुभा. पहिल्या पगारातून आईच्या हाती पैसे ठेवून तिने घड्याळासाठी चार हजार रुपये बाजूला काढले होते. मावसभावाने सल्ला दिला, “हप्त्यावर पंचवीस हजारांचे परदेशी घे. लोक मनगट पाहतात.” सेमिनरीत घंटेचे काम आमच्याकडे असल्यापासून आम्हांला घड्याळांचा नाद आहे, हे तिच्या आईला ठाऊक होते. म्हणून मायलेकी आमच्याकडे आल्या.

“फादर, असली वस्तू मी काही पुनःपुन्हा घेणार नाही,” मुलगी म्हणाली. “चांगलं कुठलं, तेवढं सांगा.”

“बाय, ते घड्याळ तुझ्यासाठी काय काम करणार, ते तू आधी सांग,” आम्ही म्हणालो.

तिचे काम होते नाडी मोजण्याचे. सर जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्याच्या घड्याळाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. घड्याळ रुग्णाच्या खाटेशी आले ते असे. तेव्हा सेकंदकाटा हवाच, तोही ठळक. आणि रात्रपाळीच्या मंद उजेडात वाचता येतील असे स्वच्छ आकडे हवेत. एवढ्यानेच दुकानातील निम्मी चकचकीत घड्याळे बाद झाली.

पुढचा प्रश्न यंत्राचा. चावीचे घड्याळ रम्य असते, त्याची टिकटिक जिवंत वाटते. परंतु साधे चावीचे घड्याळ दिवसाकाठी पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होऊ शकते. क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, म्हणून तेवढाच फरक पडण्यास त्याला सहसा महिना लागतो. थोड्या पैशांत अचूकपणा हवा असेल, तर क्वार्ट्झला पर्याय नाही. दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झाले.

मग अंगाची परीक्षा. घड्याळाच्या पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे कोरलेले दिसले की गिऱ्हाईक समाधान पावते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच, की पाठीचे झाकण पोलादाचे आहे. बाकीचे अंग बहुधा मुलामा दिलेल्या हलक्या धातूचे असते, आणि आपल्या किनाऱ्यावरील घामाखाऱ्या हवेत तो मुलामा लवकर उडतो. संपूर्ण अंग पोलादाचे आहे काय, हे स्पष्ट विचारावे. काचेचेही तसेच. नीलमण्याच्या जातीची सफायर काच कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. पण तिने किंमत वाढते. साधी मिनरल काच वाळूच्या कणाने ओरखडते, मात्र जपून वापरल्यास वर्षानुवर्षे पुरते. ‘३० मीटर’ ह्या अक्षरांनीही भुलू नये. ते घड्याळ पाण्याचे शिंतोडे सोसते, बुडी नव्हे. दिवसातून पन्नासदा हात धुणाऱ्या मुलीने निदान ‘५० मीटर’ पाहावे, आणि सेल बदलताना आतील रबरी कडीही तपासून घ्यावी.

मावसभावाने आणखी एक वाट सुचविली होती, स्वस्तात जुने नामांकित घड्याळ घेण्याची. जुन्या घड्याळांचा आम्हांला लोभ आहे. पण बाजारात तबकडी नव्याने रंगविलेली आणि निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून उभी केलेली पुष्कळ असतात. जाणत्या घड्याळजीच्या नजरेखालून घातल्यावाचून नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये.

शेवटी तिने चार हजारांच्या आत एक पोलादी क्वार्ट्झ घड्याळ घेतले. पांढरी तबकडी, काळे आकडे, लाल सेकंदकाटा. कोणी वळून पाहावे असे त्यात काही नाही. मावसभावाचे तोंड जरा उतरले. आई मात्र ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. पंधरा वर्षे गाडीच्या वेळेवर धावलेल्या त्या माउलीच्या मनगटावर घड्याळ कधी आलेच नव्हते.

पहिल्या पगाराची हौस आम्ही हलकी मानीत नाही. स्वतःच्या श्रमाने घेतलेल्या पहिल्या चांगल्या वस्तूत माणसाचा मान असतो, आणि तो मान हप्त्यांच्या ओझ्याखाली दबू नये एवढेच आमचे मागणे. आईवडिलांनीही मुलांना हिणवू नये. त्यांच्यासोबत दुकानात जावे, घड्याळ उलटे करून पाठ वाचावी, काच पाहावी, काम पाहावे. चार हजारांत प्रतिष्ठा विकत मिळत नाही, हे खरे. प्रामाणिक वस्तू मात्र मिळते. रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी रुग्णाचे मनगट हाती धरून ती मुलगी जेव्हा ठोके मोजते, तेव्हा त्या लाल काट्याने खरे बोलावे, याहून अधिक अपेक्षा तिची नव्हती, आमचीही नाही.