कृष्णाकाठी सायकलवरून



सहल म्हटली की आपल्यापुढे एस.टी. उभी राहते, नाहीतर शेजाऱ्याची जीप. कोल्हापूर, पंढरपूर, फार झाले तर महाबळेश्वर. जाताना धूळ, येताना गर्दी आणि घरी आल्यावर पाठदुखी. आज मी तुम्हाला निराळ्या सहलीला नेणार आहे. तिला तिकीट नाही, डिझेल नाही आणि वाटेत कर्णा वाजवून कोणी अंगावर येत नाही. घरातली जुनी सायकल तेवढी पडवीतून बाहेर काढायची.

सहल आहे कृष्णाकाठची, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत. डांबरी रस्त्याने गेलात तर मोटारीत दोन डुलक्या काढेपर्यंत संपेल. पण आपण जायचे ते नदीलगतच्या पाणंदीने, गाडीवाटेने आणि मळ्यातल्या पायवाटेने. म्हणून सकाळी निघून दिवस मावळेपर्यंतचा वेळ हाताशी ठेवा. पौष-माघ हा उत्तम काळ. थंडी असते आणि चिखल वाळलेला असतो. ऊसतोडीचा हंगाम असल्यामुळे मुख्य रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते, तेव्हा आडवाटेचे सुख अधिकच कळते.

बरोबर काय घ्यावे? भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली, आणि पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन, पान्हा व हवेचा पंप. बाभळीचा काटा पाहुणा पाहून टोचत नाही!

मी भिलवडी स्टेशनवर सकाळी उतरलो आणि सायकल गावाच्या दिशेने सोडली. भिलवडीच्या दगडी घाटाच्या पायऱ्यांवर क्षणभर बसा. नदीवर धुक्याचा पदर असतो. पलीकडच्या काठावरून पंपाची घरघर येते आणि मध्येच खंड्या पाण्यात सूर मारतो. तेथून भुवनेश्वरीच्या देवळाकडे गेलो. समोरच्या काठाला औदुंबर. नावाड्याने माझी सायकल आडवी करून नावेत ठेवली आणि म्हणाला, "बसा, पर हात पाण्यात सोडू नका."

ही थट्टा नव्हती. या टापूत नदीत मगरी आहेत. थंडीच्या सकाळी त्या काठाच्या मळईवर ऊन खात पडलेल्या दिसतात. लांबून पाहिले तर ओंडकाच वाटतो. या भागात माणसांवर हल्ले झालेले आहेत. म्हणून सांगतो, पाण्याला पाहून मोह झाला तरी अनोळखी जागी उतरू नका, आणि मुलांना तर मुळीच उतरू देऊ नका. मगरीचेही ते घरच आहे, आपण पाहुणे आहोत.

औदुंबरला दत्तगुरूंचे ठाणे. नृसिंह सरस्वतींचा येथे चातुर्मास झाला अशी श्रद्धा आहे. दाट सावली, दगडी घाट आणि पादुकांसमोर चाललेला हलका घंटानाद. याच छोट्या गावात १९३९ पासून संक्रांतीला साहित्य संमेलन भरत आले आहे. तिळगुळाबरोबर कविता वाटणारे असे गाव विरळाच.

औदुंबर सोडले की अंकलखोप आणि पुढे नागठाणे. नागठाणे हे बालगंधर्वांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८८८ सालचा. ज्या गळ्याने महाराष्ट्राला वेड लावले तो याच गावातला, हे मनात आले की पंपाची घरघरसुद्धा सुरात वाटू लागते.

येथून पुढे मी डांबरी रस्ता सोडला. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मधोमध गवताची पट्टी. सायकलचे चाक त्या चाकोरीत नीट बसते. नदीकडच्या मळईत वांग्यांचे वाफे होते. कृष्णाकाठच्या वांग्याची चव पुराने आणलेल्या या गाळातच आहे. एका मळ्यात हळद काढणे चालू होते. ओल्या हळदीचा वास आधी आला आणि बायकांची बोलणी नंतर ऐकू आली. मोटारसायकलवरून जाताना हा वास मला कधी आला नव्हता.

आणि मग माझी सायकल रुतली.

कडक ऊन, जानेवारी महिना, चार महिन्यांत पाऊस नाही, आणि पाणंदीत पुढचे चाक वीतभर चिखलात! खाली उतरलो. कडेच्या शेताकडे पाहिले तर उसाची वाढ गुडघ्याएवढी, पाने टोकाला करपलेली. बांधाला लव्हाळा माजलेला आणि सरीच्या माथ्यावर पांढरा थर, जणू कोणी मीठ फुंकरले आहे. जमीन क्षारपड झाली होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण काठावरच्या कितीतरी गावांची हीच कथा आहे.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी सायकल ओढायला हात लावला, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाले, "सायेब, तुमी पंचवीस-तीस वर्सांमागं आमच्या चावडीत आला हुता. तवाबी सायकलच हुती."

मला सारे आठवले. नवी नोकरी, नवी पदवी. उसाचे एकरी टन कसे वाढवावेत यावर मी तासभर बोललो होतो. कोणते बेणे, किती खत, पाण्याची पाळी कधी द्यायची. पाणी शेतातून बाहेर कसे काढायचे यावर मात्र मी एक वाक्यही बोललो नव्हतो.

"आबा, माझं चुकलंच," मी म्हणालो.

"एकट्या तुमचं कसं? पानी फुकट हुतं, आमीबी सोडलंच की रात-रातभर. ह्यो ओढा दिसतोय का? आमच्याच भावकीनं बुजवून त्यात ऊस लावला."

बंधूंनो, ओढा बुजवला म्हणजे शेताचा श्वास कोंडला. जास्तीचे पाणी निघून जायला वाट राहिली नाही की भूजल वर चढते. ते मुळाशी येते, उन्हाने वाफ होऊन उडते आणि त्यातले क्षार वरच ठेवून जाते. पांढरा थर दिसतो तो याचाच. पुढे सोडियम वाढला की जमीन चोपण होते. ती ओली असता चिकट आणि वाळली की दगड. मग खताचे पोते वाढवून उपयोग नसतो, कारण मूळच गुदमरलेले असते.

आबांनी मला बांधाबांधाने पुढे नेले. तेथे चौघा शेतकऱ्यांनी मिळून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले होते, आणि त्यांचे तोंड पुन्हा उकरून मोकळ्या केलेल्या ओढ्यात सोडले होते. पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. मी बोट लावून जिभेवर टेकवले. खारट! वरच्या शेतात धैंचा गाडून मग गहू पेरला होता. गहू विरळ होता, पण हिरवा होता. "औंदा खायापुरता हुईल," आबा म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या शेतात पाइप नव्हता. ओढ्यापर्यंतची वाट पुतण्याच्या रानातून जाते आणि पुतण्याशी बोलणे बंद आहे.

या कामाची खरी अडचण ही आहे. पाइप एकट्याने टाकता येतो, पण त्याचे पाणी शेजाऱ्याच्या रानातूनच न्यावे लागते. आधी माती तपासून घ्या. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर निचरा आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हा उपाय आहे. चोपण असेल तर तपासणीप्रमाणे जिप्समही लागते, पण निचऱ्यावाचून जिप्सम म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मोकाट पाणी बंद करून ठिबकवर या. आणि या सगळ्याच्या आधी, भावकीशी बोला.

आबांचा निरोप घेऊन मी कसबे दिग्रजच्या वाटेला लागलो. तेथे कृषी संशोधन केंद्र आहे आणि हळदीवर काम चालते. सांगलीत शिरताना आयर्विन पूल लागतो. हा १९२९ सालचा. पुराची पातळी येथे मोजतात. इशारा ४० फुटांवर, धोका ४५ फुटांवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पुलावर सायकल थांबवून खाली पाहिले तर शांत, सावळे पाणी. हेच पाणी घराच्या माळ्यापर्यंत चढले होते, यावर विश्वास बसत नाही.

सांगली ते हरिपूर हा शेवटचा टप्पा चिंचेच्या जुन्या झाडांखालून जातो. हरिपूर नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे गाव, आणि हळदीच्या पेवांचेही. घट्ट मातीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले आणि त्यानंतर त्यांचा वापर ओसरला. जुन्या माणसांना माती कोठे पाणी धरते आणि कोठे धरत नाही, हे अचूक ठाऊक होते. आम्ही पदवीधरांनी ते त्यांना विचारले असते तर बरे झाले असते.

संगमेश्वराच्या घाटावर पोहोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. एका बाजूने वारणा येते आणि कृष्णेला मिळते. मी उरलेली अर्धी भाकरी खाल्ली. पाय दुखत होते आणि सायकलच्या चाकाला तो पांढरट चिखल वाळून बसला होता.

तुमची नदी निराळी असेल. गोदावरी असेल, भीमा असेल, नाहीतर गावचा साधा ओढा असेल. एखाद्या रविवारी मुलांना घ्या, सायकली काढा आणि आपल्याच शिवाराला काठाकाठाने एक फेरी मारा. पाणंद कोठे अडवली आहे, ओढा कोठे बुजला आहे, भर उन्हाळ्यात चाक कोठे रुतते, हे मुलांना दाखवा. आणि वाटेत एखाद्या बांधावर बोलणे बंद असलेला चुलत्या-पुतण्या भेटलाच, तर सायकलवरून उतरा. घंटी वाजवून पुढे जाऊ नका.

मी पुढच्या महिन्यात पुन्हा आबांकडे जाणार आहे. या वेळी पुतण्याच्या घरी आधी जाईन.