आजीची नजर, आप्पांची नजर

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा, असे आमच्या गावात लहानथोर सांगतात. वास्तविक बाहुलीच्या मागचे पारदर्शक भिंगच गढूळ होते आणि ते कोणत्या भागात गढूळले, यावर माणसाला काय दिसेल ते ठरते. मी कला शाखेचा विद्यार्थी. पण घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्याचे काम माझ्याकडे आले आणि एवढे ज्ञान पदरी पडले.

आजीची गोष्ट नवलाची. कित्येक वर्षे वापरलेली चाळिशी तिने मध्यंतरी फडताळात टाकून दिली. तांदळातला खडा न् खडा तिला दिसू लागला. "देवानं नजर माघारी दिली, लेकरा," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मात्र अंगणात कोण आले, हे आवाज ऐकल्याशिवाय कळेना. तिच्या भिंगाचा गाभा कठीण, पिवळट होत चालला होता. असा गाभा प्रकाशकिरण जास्त वाकवतो. लांबच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि जवळचे मात्र चष्म्यावाचून दिसते. भिंग आणखी गढूळले की हे सुखही संपते.

आप्पांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे, दुखणे निराळे. दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. त्याने भिंगाच्या पाठीमागे, अगदी मध्यावर, डाग धरला. भर उन्हात बाहुली बारीक होते आणि उजेडाला त्या डागातूनच वाट उरते. तिन्हीसांजेला बाहुली मोठी झाली की डागाच्या कडेने प्रकाश आत शिरतो. म्हणून आप्पांना दुपारी बांधावरचे दिसेना आणि संध्याकाळी पारावरची माणसे बरोबर ओळखू येत. गावाने काय अर्थ काढावा? "कामाला आंधळा, गप्पांना डोळस!" हे त्यांच्या तोंडावर बोलले गेले. आप्पांनी पारावर बसणेच सोडले. जवळचे पाहतानाही बाहुली आक्रसते, त्यामुळे सातबाराही वाचता येईना. पन्नाशीच्या आत मोतीबिंदू कुठला, असे म्हणून घरच्यांनीही दोन वर्षे घालवली.

तिसरा प्रकार कडेकडून आत सरकतो, चाकाच्या आऱ्यांसारखा. त्यात एकाच डोळ्याला दोन चंद्रही दिसू शकतात. आमच्या घरात तो कुणाला नाही.

थेंब टाकून मोतीबिंदू जात नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवावे लागते. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये असे भिंग प्रथम बसवले. आप्पांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. दोन महिन्यांनी ते भर दुपारी बांधावर उभे राहिले आणि पलीकडच्या रानातल्या माणसाला, त्याने तोंड उघडण्याआधीच, नावाने हाक मारली.

आजी मात्र अडून बसली आहे. नेहमीचे भिंग लांबचे दिसावे म्हणून बसवतात. मग जवळचे पाहायला पुन्हा चाळिशी आली. जवळचे दिसेल असे भिंगही मिळते, पण मग लांबच्यासाठी चष्मा. डॉक्टरांनी तिलाच विचारले, "आजी, तुम्हाला काय हवं?" इतक्या वर्षांत असे तिला कुणी विचारले नव्हते. ती अजून ठरवते आहे.