एकच पट्टा

समीक्षेच्या वर्गात 'एकसूत्रता' हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारला जातो की, त्यातले सूत्र म्हणजे मुळात सूत, ओढले की ताणणारे आणि अधिक ओढले की तुटणारे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. कलाकृतीत एकसूत्रता असावी असे आपण म्हणतो. पण सूत्र एकच असण्याची किंमत काय, हा प्रश्न परीक्षेत कधी विचारला जात नाही. आम्हांला तो प्रश्न विचारला गेला कळसाडीला, आणि विचारणारे होते आमचे नाना. विषय होता घरच्या जुन्या डिझेल जीपचा.

या जीपच्या इंजिनासमोर दोन पट्टे होते. पहिला मूळचा: क्रँकशाफ्टच्या पुलीवरून निघून पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा. दुसरा मागाहून आलेला. नानांचे खांदे दुखू लागले तेव्हा गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवले गेले आणि त्याच्या पंपासाठी पुलीला आणखी एक खाच मिळाली. दोन्ही पट्टे व्ही आकाराचे. या पट्ट्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील जॉन गेट्स यांना, १९१७ सालासाठी, दिले जाते. त्यातली कल्पना साधी पण विलक्षण आहे. पट्टा खाचेच्या तळाशी टेकत नाही. तो दोन्ही कडांनी पाचरीसारखा अडकतो आणि ओढ वाढली की आणखी घट्ट रुततो. झिजून तो तळाला टेकू लागला की त्याची पकड गेली असे समजावे.

त्याचा ताण मोजायला नानांकडे एकच उपकरण होते, ते म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. दोन पुलींच्या मध्यावर दाबायचे. साधारण अर्धा इंच खाली गेला तर ठीक. कमी गेला तर बेरिंगवर भार, जास्त गेला तर घसरणार. मग अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा, पहारीने त्याला बाहेर रेटायचे आणि रेटलेल्या अवस्थेतच बोल्ट आवळायचा. हे करताना तिसरा हात लागतो, आणि लहानपणी तो तिसरा हात म्हणजे आम्ही.

वाद निघाला तो एका रात्रीच्या फेरीनंतर. गावातल्या एका बाळंतिणीला शहाद्याला न्यायचे होते. खेड्यात ज्याच्याकडे गाडी असते त्याची गाडी रात्री सगळ्यांची असते, हे वेगळे सांगायला नको. वाटेत पॉवर स्टिअरिंगचा पट्टा तुटला. स्टिअरिंग दगडासारखे जड झाले, पण इंजिन थंड राहिले, दिवे जळत राहिले, आणि गाडी दवाखान्याच्या दारात पोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप. दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी गाडी पाहिली आणि सुचवले, "नाना, ही दोन पट्ट्यांची भानगडच काढून टाकू. एकच नागमोडी पट्टा घालू, ताण आपोआप राहील." नाना अहिराणीत एवढेच म्हणाले, "तो तुटना का समदं बंद."

वाचकांनी हे वाक्य हलक्यात घेऊ नये. नागमोडी पट्ट्याच्या रचनेवरची ही सर्वांत रास्त टीका आहे.

तो पट्टा रुंद, चपटा आणि पातळ असतो. आतल्या बाजूस लांबीच्या दिशेने बारीक धारा असतात, आमच्या गाडीच्या पट्ट्याला सहा. प्रत्येक धार म्हणजे एक छोटा व्ही पट्टाच. पातळपणामुळे तो आत वाकतो तसा उलटाही वाकतो. जाड व्ही पट्ट्याला हे मानवत नाही. म्हणून एकच पट्टा सापासारखा वळणे घेत सगळ्या पुलींवरून फिरवता येतो, आणि त्याच्या गुळगुळीत पाठीवर स्प्रिंगचा टेन्शनर टेकवला की पट्टा लांबला तरी ढिला पडत नाही. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून ही रचना मोटारींत रूढ होत गेली. आज नव्या गाडीचे बॉनेट उघडले की बहुधा हाच दिसतो.

पण एकाच सूत्रावर सगळे काही चालवण्याची कल्पना खानदेशाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने उभे राहिले. त्यांची जुनी मांडणी अशी: एक इंजिन, त्याने फिरणारा एक लांब दांडा, आणि त्या दांड्यावरून प्रत्येक जिनावर उतरणारा स्वतंत्र चपटा पट्टा. एका जिनाचा पट्टा उतरला तर तेवढाच जिन थांबे; इंजिनाचा मुख्य पट्टा गेला तर सारा कारखाना मुका होई. पिठाच्या गिरणीतही हाच संसार लहान प्रमाणात. तिथल्या पुलीचा मधला भाग किंचित फुगीर ठेवलेला असतो, कारण चपटा पट्टा नेहमी उंचवट्याकडे चढतो आणि त्यामुळे मधोमध राहतो. पट्ट्याला आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला की दुसरी पुली उलट दिशेने फिरते. हे शेवटचे ज्ञान पुढे आमच्या कामाला आले.

इथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती केवळ ते १९०९ साली फैजपूरला, म्हणजे खानदेशातच, जन्मले म्हणून नव्हे. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे मांडली. आम्ही ती वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. तरी आमच्या मते समतोल हा शब्द विद्यार्थ्यांना नेहमी स्थिर वाटतो, तागडीच्या उभ्या काट्यासारखा. टेन्शनरचा समतोल तसा नाही. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटागणिक क्रँकचा वेग किंचित चढतो-उतरतो, आणि टेन्शनरचा हात त्याबरोबर सतत थरथरत राहतो. तो थरथरायचा थांबला, गंजून अडकला, की पट्ट्याचे दिवस भरले. हे उदाहरण मर्ढेकरांना रुचले असते की नाही कोण जाणे; यंत्रे त्यांच्या कवितेत आहेतच.

असो. नाना अखेर कशाने राजी झाले? मिस्तरींच्या एका प्रश्नाने. "परवा जो तुटला तो पुढचा होता. मागचा तुटला असता तर?" मागचा पट्टा म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही. तो बदलायचा तर आधी पुढचा काढावा लागे, आणि तेही रात्री, टॉर्चच्या उजेडात, पहारीसह. दोन पट्ट्यांपैकी एकच जीव वाचवणारा होता, दुसरा केवळ सोय. म्हणजे दोन असण्यातली सुरक्षितता अर्धीच होती. आम्हांला हा युक्तिवाद पटला. नानांना पटला असे म्हणवत नाही, पण त्यांनी किल्ली दिली.

काम चार दिवस चालले. खरी अडचण पट्ट्याची नव्हती, पुलींची होती. दोन पट्टे दोन वेगवेगळ्या पातळ्यांत धावत होते. एका पट्ट्यासाठी सगळ्या पुली एका रेषेत हव्यात. शहाद्याला लेथवर नव्या पुली कातून घेतल्या, स्टिअरिंग पंपाचा कंस कापून मागे सरकवला, टेन्शनर भंगारातल्या एका गाडीचा मिळाला. मार्ग ठरवताना पहिल्या आराखड्यात पाण्याचा पंप पट्ट्याच्या पाठीवर येत होता. मिस्तरींनी तो तिथेच खोडला. पाठीवरची पुली उलटी फिरते. पंप उलटा फिरला की पाणी नीट ढकलत नाही, आणि त्याच दांड्यावरचा पंखा वारा आत ओढण्याऐवजी पुढे फेकतो. गिरणीचा पीळ तो हाच. पंप धारांच्या बाजूला घेतला आणि पाठीवर फक्त टेन्शनर ठेवला.

रेषा तपासायला त्यांनी खिशातून गवंडी वापरतात तसले सूत काढले आणि एका पुलीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर ताणून धरले. तरीही गाडी सुरू होताच चिमणीसारखी चिरचिर ऐकू आली. अल्टरनेटरच्या मागे दोन पातळ वायसर घातल्यावर ती थांबली. त्या शांततेत नानांनी सवयीने इंजिन बंद करून अंगठा पट्ट्यावर ठेवला. टेन्शनरचा हात निमूटपणे हलला. "हे काहीच सांगत नाही," असे म्हणून त्यांनी बोट पुसले.

नव्या रबराचे हे खरेच आहे. आताचे ईपीडीएम रबर जुन्या निओप्रीनसारखे भेगा पाडून इशारा देत नाही. ते टायरसारखे मुकाट झिजते, आणि म्हणून धारांची खोली पाहावी लागते. मिस्तरींनी पाहायचे कसे ते नानांना दाखवले. नव्या गाड्यांत बॉनेटखाली पट्ट्याच्या मार्गाचे चित्र चिकटवलेले असते. आमच्या या जोडकामाला ते कुठले असणार? तेव्हा बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने पाच वर्तुळे आणि एक वळणावळणाची रेघ आम्ही काढली. नानांनी खाली पट्ट्याचा नंबर लिहायला लावला, आणि त्याखाली, रात्री दुसऱ्याच कोणाला बसवायची वेळ आली तर कळावे म्हणून, "धारा पुलीवर, पाठ टेन्शनरवर". जादा पट्टा आता चालकाच्या आसनाखाली असतो, त्याच्याबरोबर टेन्शनर फिरवायचा लांब पाना. जुनी पहार गोठ्यात गेली.