बांधावरचे यंत्र

धरमतरच्या खाडीकाठी, पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांत, जी भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीहूनही खाली पसरलेली आहे, तिचे सारे अस्तित्व मातीच्या एका बांधावर अवलंबून असते. आणि त्या बांधाला खांड पडून खारे पाणी एकदा आत शिरले, म्हणजे पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघेपर्यंत कित्येक हंगाम गावाला त्या शेताकडे नुसते बघत बसावे लागते. शहापूर, धेरंड, माणकुळे या बाजूच्या गावांनी हा बांध पिढ्यानपिढ्या जोळ पद्धतीने राखला. घरटी माणूस निघे, ओल्या चिखलाची ढेकळे हातोहात पुढे सरकत, आणि भरती यायच्या आत खांड बुजे. पुढे 1948 चा खार जमिनींचा कायदा आला, 1979 साली राज्याचा खारजमीन विकास कायदा झाला, बांधांचा जिम्मा सरकारी खात्याकडे गेला, आणि यथावकाश जोळीच्या जागी निविदा, ठेकेदार व पोकलेन ही नवी व्यवस्था उभी राहिली. त्या पोकलेनच्या आसनावर माझ्या उमेदीचा बराच काळ गेला.

यंत्र चालवणे म्हणजे दांडे हलवणे, असे नवख्याला वाटते, आणि पहिल्या काही महिन्यांपुरते ते खरेही असते. डाव्या दांड्याने वरचे धड फिरते आणि आर्म लांब-जवळ होतो, उजव्याने बूम चढते-उतरते आणि बकेट वळते. या चारही हालचाली एकमेकींत मिसळून बकेटीची धार जमिनीशी एकाच उतारात फिरवता आली, की उस्ताद हेल्परला ऑपरेटर म्हणू लागतो. परंतु आमचे उस्ताद, ज्यांचे आयुष्य मुरूम आणि काळा फत्तर फोडण्यात गेले होते, खाडीकाठी आल्यावर मात्र हे सारे कौशल्य दुय्यम मानीत. वीस टनांच्या यंत्राचे वजन दोन चेनींवर पसरते, तेव्हा चौरस सेंटिमीटरमागे भार जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास येतो, म्हणजे उभ्या माणसाच्या पावलाहून फारसा अधिक नाही. पण हा हिशेब यंत्र स्वस्थ उभे असतानाचा. भरलेली बकेट घेऊन बूम लांब पसरली, की तोच भार चेनीच्या पुढच्या टोकावर येऊन गोळा होतो, आणि गाळाला कागदावरची सरासरी कळत नाही.

खाडीचा हा गाळ मोठा मायावी असतो. उन्हाने त्याच्यावर भेगाळलेली खपली धरते, तिच्यावरून गुरे जातात, माणसे जातात, आणि यंत्रही जाईल असा भरवसा वाटतो. वस्तुतः ती खपली दह्यावरच्या सायीइतकी पातळ असते. म्हणून यंत्राखाली माडाची खोडे किंवा फळ्या आडव्या टाकाव्या लागतात. चेनी काठाला समांतर न ठेवता काठाकडे काटकोनात ठेवाव्या लागतात, म्हणजे प्रसंग आला तर सरळ मागे निघता येते. रुतलेली चेन तर जागच्या जागी कधीच फिरवायची नसते, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक ती आपलाच खड्डा खोल करते. बकेट टेकवून, बूमच्या जोरावर यंत्राची ती बाजू उचलून, खाली लाकूड सरकवूनच बाहेर पडावे लागते. भोवतीच्या कांदळवनाला धक्का लावण्यास न्यायालयाची मनाई असल्यामुळे यंत्राला येण्याजाण्याची वाट बहुधा बांधाच्या माथ्यावरूनच असते, आणि तो माथा यंत्राच्या रुंदीहून थोडासाच अधिक असतो.

खांड बुजवण्याचे काम तिथीप्रमाणे चालते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोळी-आगरी माणसांचा हिशेब आम्हांला कोणत्याही छापील तक्त्याइतका उपयोगी पडे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात खांडीला हात लावणे म्हणजे माती पाण्यात फेकणे होय. पण अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी होते, सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती येऊन ओहोटी बरोबर मध्यान्ही सापडते. दोन्ही टोकांकडून भराव पुढे येऊ लागला, की खांड जसजशी अरुंद होते तसतसे पाणी अधिकच उग्र होऊन तळ उकरू लागते. तेव्हा शेवटचे तोंड एकाच ओहोटीत बंद झाले पाहिजे, मध्ये थांबणे नाही. नेमक्या याच निकडीत मोह होतो तो बांधाच्या पायथ्यालगतचीच माती उचलण्याचा, कारण ती हाताशी असते आणि दुरून माती आणण्यात ओहोटी निघून जाते. दहा माणसांनी पायथा कोरायचा म्हटला तर निम्मा दिवस लागेल आणि तेवढ्यात कोणीतरी शहाणा ओरडेल. यंत्र तोच पायथा काही मिनिटांत कोरते, आणि ज्या बांधाची डागडुजी चालली आहे त्याचाच आधार काढून घेते.

अशाच एका कामावर, जुन्या मातीखणीच्या काठाशी यंत्र उभे असताना, गावातला एक वृद्ध शेतकरी, जो सकाळपासून अनवाणी बांधावर उभा राहून आमचे काम पाहत होता, एकाएकी हात वर करून ओरडला, ‘‘बाला, चीर परली, मशीन मांगं घे!’’ इंजिनाच्या घरघरीत मला शब्दांपेक्षा त्याचा हातच आधी समजला. भरलेली बकेट तशीच खाली सोडून, बूम आत ओढून, मी चेनी सरळ मागे घेतल्या. आणि काही क्षणांतच पुढच्या दोन फळ्यांसह काठाचा तो तुकडा सावकाश खणीत उतरला. आसनावर बसून मला त्या हालचालीची काहीच जाणीव झाली नव्हती. त्याला ती तळव्यांना झाली होती, आणि भेग त्याने नंतर पाहिली, असे त्याने मला चहा पिताना सांगितले.

मला वाटते, यंत्राच्या धोक्याचे मूळ इथे आहे. जोळीतला माणूस ज्या चिखलात राबे त्याच चिखलात उभा असे. यंत्राने आमच्या हातांचे बळ शतपट केले, पण पावलांची जाणीव मात्र काढून घेतली. याच किनाऱ्यावर न्हावाशेव्याला 2024 च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू पाहताना मी अचंबित होतो, परंतु त्याचे खांब गाळ भेदून खडकापर्यंत नेलेले आहेत. आमच्या बांधाला ते भाग्य नाही, तो गाळावरच उभा राहतो आणि त्याच्यावर काम करणाऱ्या यंत्रालाही तिथेच उभे राहावे लागते.

म्हणून पुढे माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना मी यंत्र सुरू करण्याआधी पायताण काढून कामाची जागा चालायला लावी, पहार टोचून खपलीची जाडी बघायला लावी, आणि यंत्राच्या मागच्या वजनाच्या फेऱ्यात हेल्पर येणार नाही अशी खूण बांधून घ्यायला लावी. काही हसत, ठेकेदाराच्या मुकादमाला ते आवडत नसे, कारण यंत्राचे भाडे तासावर असते आणि तास इंजिन चालू झाल्यावर मोजला जातो. मोजमापपुस्तकात भरावाचे घनमीटर लिहिले जातात, डिझेल लिहिले जाते, हजेरी लिहिली जाते. चालण्याच्या त्या वेळेला मात्र कोणताही रकाना नाही. तो असावा, आणि त्याचे पैसे मिळावेत, एवढी एकच दुरुस्ती या धंद्यात करण्याचा मला अधिकार असता, तर मी तीच केली असती.