रेडिमेड क्विल्ट की याडीचा टाका?

यवतमाळ म्हटलं की आपल्याला बातम्याच आठवतात. कापूस, कर्ज, रुसलेला पाऊस. वीकेण्डला शॉपिंगसाठी तिकडे कुणी जात नाही. मी गेले, आणि तेही बॅगांसाठी!

त्याचं काय आहे, लिखाणाच्या जोडीला मी कापडी बॅगा शिवते. ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणींना त्या क्विल्टेडच हव्या असतात. मऊ, जाडसर, तिरक्या चौकटींच्या टाक्यांच्या. शनेलची ‘२.५५’ पर्स फेब्रुवारी १९५५ मध्ये आली (नाव त्या तारखेवरूनच पडलं), पण त्या चौकटींचं वेड अजून उतरलेलं नाही. प्रश्न एवढाच, की मीटरवर मिळणारं रेडिमेड क्विल्टेड कापड आणायचं, की थर रचून टाके आपणच घालायचे?

यवतमाळच्या बाजारात, पडदे-गाद्यांच्या एका दुकानात मला रेडिमेडचं अख्खं रिळ दिसलं. वर सुती प्रिंट, मध्ये फायबरचा पातळ थर, खाली अस्तर. एका दुपारी दोन बॅगा तयार होतील इतकं सोपं काम. पण त्याचे नखरे आहेत. कात्री लावली की मशिनचा टाका कडेने उसवत जातो. म्हणून आधी बॅगचा आकार आखायचा, रेषेच्या किंचित आतून शिलाई मारायची आणि मगच कापायचं. कापायच्या आधी एकदा धुवायचंही. सुती कापड आटतं, फायबर आटत नाही. शिवल्यानंतर पहिल्या धुण्यात बॅगेला सुरकुत्या पडल्या तर गिऱ्हाईक तुम्हाला विचारणार. शिवाय कोपऱ्यांवर थरांवर थर चढतात. तिथे शिलाईच्या मार्जिनमधलं फायबर काढून टाका आणि सुई १६ नंबरची लावा, नाहीतर मशिन कुरकुरतं.

हे सगळं जमतं हो. जमत नाही ते एकच. त्याच प्रिंटची बॅग लोकलमध्ये समोरच्या सीटवर दिसते.

म्हणून पुसदची एसटी पकडली. आर्णी, दिग्रस मागे पडतं, दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर. या पट्ट्यात बंजारा तांडे बरेच. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचं गहुली इथलंच, पुसदजवळ. फेटिया-काचळी घालणाऱ्या बायका आता बहुतेक साठीच्या पुढच्या. मी ज्यांच्या अंगणात बसले त्यांना सगळा तांडा ‘याडी’ म्हणतो. याडी म्हणजे आई.

माझ्या हातातला रेडिमेड तुकडा त्यांनी उलटा केला, एक धागा चिमटीत धरून ओढला. सर्रकन एक अख्खी ओळ सुटली. ‘‘हे टिकते काय, बाप्पा?’’

मग स्वतःची जुनी पिशवी काढली. आत फायबर नाही, कापूस नाही. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवर इतका दाट धावदोरा, की कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. कडेला कवड्या, मध्ये आरसे. प्रत्येक टाका वेगळा बसलेला, एक तुटला तरी शेजारचा हलत नाही. हाताने क्विल्ट करायचं तर एक पथ्य त्यांनी सांगितलं: टाके पडतात तसं कापड आक्रसतं, तेव्हा तुकडा चहूबाजूंनी दोन-दोन बोटं मोठा घ्यायचा, आधी टाके घालायचे आणि माप नंतर कापायचं. रेडिमेडवाले आपण बरोब्बर उलटं शिकलेलो असतो.

कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये जीआय मिळालं, २०२३ मध्ये हंपीला जी-२०च्या बैठकीत त्याचा गिनेस विक्रमही झाला. हे सगळं याडींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंग त्या बायांले पैसे किती भेटते?’’

इथे खरी गंमत संपते. एका बॅगेच्या कापडाला याडींच्या तीन दिवसांच्या बैठका लागतात. निंदणीला जी दिवसाची मजुरी मिळते ती तिप्पट करा, त्यात अस्तर, चेन, पट्टे आणि माझी शिलाई मिळवा. बॅग हजाराच्या वर जाते. आणि कॉफीवर तीनशे उडवणाऱ्या आमच्या मैत्रिणी बॅगेसाठी सहाशेवर अडून बसतात. मजुरीत घासाघीस करायची मला तरी लाज वाटते.

मार्ग निघाला तो यवतमाळच्याच एमआयडीसीतून. इथे रेमंडचं डेनिम बनतं. २००६ मध्ये बेल्जियमच्या युकोशी भागीदारी झाली तीही याच धंद्यासाठी. बॅगेची पाठ आणि बूड डेनिमचं केलं तर तिथे क्विल्ट लागतच नाही, पट्टेही भक्कम बसतात. याडींचा टाका फक्त पुढच्या झाकणाला, जिथे तो दिसतो. तीन दिवसांचं काम एका दिवसावर येतं, मजुरी पूर्ण देता येते, आणि तशी दुसरी बॅग कुठल्याच लोकलमध्ये नसते. लॅपटॉपचं कव्हर, डब्याची पिशवी यांना मात्र मी रेडिमेडच वापरणार. तिथे हवी असते नुसती गादी, आणि डब्याचं तेल याडींच्या आरशांवर सांडावं असं मला वाटत नाही.

चार झाकणांचे तुकडे आणि अर्धे पैसे त्यांच्याकडे ठेवले. कधी येऊ, विचारलं.

‘‘दसऱ्याच्या आंदी ये, पोरी. वेचणी लागली का सुईले हात लागत नाही.’’