दोन समुद्रांमधली सायकलवाट

२०२४ च्या जानेवारीत आम्ही चौघे मित्र मंगळूरहून सायकलीने निघालो आणि दहाव्या दिवशी चेन्नईच्या समुद्रावर पोहोचलो. वाट थोडी वाकडी करून प्रवास साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरला. घरच्यांनी विचारले होते, ‘गाडीने एका रात्रीत होते, मग बिनपगारी रजा काढून सायकल कशाला?’ याचे नीट उत्तर आम्हाला देता आले नाही.

आमच्यात एक बस डेपोतला फिटर, एक शाळेतला शिपाई, एक रिक्षा चालवणारा आणि चौथे दादा, वय ६१. दादा उमेदीत परळच्या गिरणीत बदली कामगार होते. गिरणी बंद झाली, तेव्हापासून वॉचमन. गिअरची सायकल एकच, तीही फिटरच्या मुलाची. ती दादांना देऊ केली तर ते रागावले, ‘मला म्हातारा समजता काय?’ आणि आपली काळी सायकलच घेऊन आले.

कोकण रेल्वेने सायकलींसह मंगळूर गाठले. पहिला दिवस सोपा गेला. बंटवाळला नेत्रावती नदी दिसली, संध्याकाळी नेल्याडीला मुक्काम, उकड्या तांदळाचा भात आणि माशाची आमटी. दुसऱ्या दिवशी गुंड्यापासून शिराडी घाट सुरू झाला आणि आमची मस्ती उतरली. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये खडी आणि धूळ. मागून टँकर असे येत की सायकल थेट गटारात घालावी लागे. दादा मागे पडत गेले आणि शेवटी एका दगडावर बसले. म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे. मी सायकल ट्रकात टाकून येतो.’ आम्ही वाद घातला नाही. आम्हीही तिथेच बसलो, केळी खाल्ली, आणि मग सगळेच पायी निघालो. घाट सायकलीने चढलो असे लिहायला बरे वाटले असते, पण निम्मा घाट आम्ही सायकली ढकलत चढलो, हे खरे.

सकलेशपूर समुद्रापासून नऊशे मीटरहून उंचावर आहे. तिथल्या पुलावरून हेमावती दिसते. कालची नेत्रावती अरबी समुद्राला मिळणारी. ही हेमावती मात्र पूर्वेकडे जाते, कावेरीत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला पोहोचते. दादा पुलावर बराच वेळ उभे होते. ‘आता पाणीसुद्धा आपल्याच दिशेने चाललंय,’ म्हणाले. ट्रकची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढली नाही.

हासन, चन्नरायपट्टण, कुणिगल हा भाग नारळाच्या बागांतून सुखाने कापला. नाचणीचा मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे हॉटेलातल्या पोराने हसत हसत शिकवले. बेंगळुरूविषयी सांगण्यासारखे काही नाही. धूर खाल्ला आणि बाहेर पडलो.

कोलारहून मुद्दाम वाट वाकडी केली ती सोन्याच्या खाणींसाठी, म्हणजे केजीएफसाठी. १८८० मध्ये इथे इंग्रज कंपनीने काम सुरू केले. १९०२ साली शिवनसमुद्रची वीज इथे आली. खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खाली उतरणारे बहुतेक तमिळ दलित मजूर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित अयोतीदास यांच्या बौद्ध चळवळीची शाखा इथे उभी राहिली. १९५४ साली बाबासाहेबही इथे येऊन गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. आता सायनाइडच्या गाळाचे करडे डोंगर आणि गंजलेले मनोरे उरले आहेत.

मारिकुप्पम स्टेशनजवळ चहा पीत होतो. शेजारच्या एका अण्णांनी सायकलवरचा निळा झेंडा पाहिला आणि ‘जयभीम’ म्हणाले. रात्री त्यांच्याच घरी राहिलो. दोन खोल्यांचे, पत्र्याचे घर, भिंतीवर बाबासाहेब. अण्णा खाणीत होते. खाण बंद झाल्यावर पहाटेच्या गाडीने बेंगळुरूला जाऊन वॉचमनकी करू लागले, तिथेच हिंदी शिकले. हे ऐकून दादा सरसावून बसले. मग आम्हा तिघांना कोणी विचारले नाही. अण्णा खाली खडक कसा तापतो ते सांगत होते. दादा नाकातोंडात कापसाची तूस कशी जाते ते सांगत होते. खडक फुटल्यावर येणारा आवाज अण्णांनी ताटावर हात आपटून दाखवला. अक्कांनी दोनदा दिवा मालवला, तरी अंधारात बोलणे चालूच.

सकाळी अण्णा बेतमंगलच्या तलावापर्यंत सोबत आले. तो तलाव पालार नदीवरचा. त्याचे पाणी खाणवस्तीला जायचे. पुढे पेर्नांपट्टूचा घाट उतरून आम्ही वेल्लूरला गेलो, आणि राणीपेटेत चामड्याच्या कारखान्यांचा वास आला. त्या वासाने शिपाई मित्राला आजोबांची आठवण झाली. कांचीपुरमपर्यंत तो फारसा बोलला नाही.

दहाव्या दिवशी दुपारी मरीना किनारा आला. तिथे देवीप्रसाद रायचौधरींचा पुतळा आहे, १९५९ साली बसवलेला. चार कामगार मिळून एक धोंडा हलवत आहेत. याच शहरात १९२३ साली सिंगारवेलर यांनी कामगार दिन साजरा केला, देशातला पहिला. आम्ही सायकली चौथऱ्याला टेकवल्या. दादांनी आधी अण्णांना फोन लावला, मग वहिनींना. वहिनींनी एवढेच विचारले, ‘गुडघा कसा आहे?’ दादा म्हणाले, ‘सुजलाय.’ आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याकडे निघाले.